तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटला रक्त चढवायची डे-केअर सोय: पाचपैकी चार स्टार

चार स्टार देतेय, एक का कापला ते पुढे येईलच. आधी एक सांगते, हा रिव्ह्यू आख्ख्या हॉस्पिटलचा नाहीये. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ट्रस्टच्या कॅन्सर हॉस्पिटलचं डे-केअर आणि त्याच बिल्डिंगमधली तळमजल्यावरची ब्लड बँक, एवढ्यापुरताच आहे. नाव टाकत नाही, कारण खाली थोडी कुरकुरही आहे आणि आम्हाला अजून फॉलोअपला तिथेच जायचंय. पण तोंडाचा, जिभेचा, घशाचा कॅन्सर असलेल्या माणसाचं ट्रीटमेंट चालू असताना एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, उतरलं की घरच्यांची जी पळापळ होते ना, तेव्हा सेंटर चांगलं की वाईट हे कशावरून ओळखायचं ते कुणी लिहीत नाही, सगळीकडे आपलं "स्टाफ कोऑपरेटिव्ह आहे, पार्किंग आहे" एवढंच, म्हणून लांबलचक लिहितेय, ज्याला गरज आहे तो वाचेल.

पेशंट म्हणजे आमचे अण्णा, माझे वडील. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. आयुष्यभर तंबाखू-चुना, शेवटी गालाच्या आतून कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या, मांडीचं मांस-कातडी लावून गाल शिवला, आणि मग सहा आठवडे रेडिएशन, म्हणजे आपली लाईट, सोमवार ते शुक्रवार, आणि जोडीला आठवड्याला एक सिस्प्लॅटिन, म्हणजे केमो. नाकातून नळी, त्यातूनच सगळं खाणंपिणं. ऑपरेशनच्या आधी एचबी साडेअकराच्या आसपास होतं, लाईट सुरू करताना ९.४ आलं.

आता ऑपरेशन जिथे झालं ते हॉस्पिटल वेगळं. तिथली पद्धत अशी की रिपोर्टात नऊचा आकडा दिसला रे दिसला की "दोन बाटल्या लावून टाकू", आणि त्या दोन बाटल्यांसाठी "दोन डोनर आणा, मगच पिशवी मिळेल". रात्री नऊ वाजता गावाकडनं माणसं बोलावायची, त्यातला एक दारू पिऊन आलेला म्हणून परत पाठवलेला, दुसऱ्याचं वजन भरेना. का लावायचं, लावलं नाही तर काय होईल, हे विचारलं तर आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचे डॉक्टर, म्हणणार "ताई, रक्त कमी आहे म्हणून रक्त लावायचं, सिंपल." त्यामुळे ह्या ट्रस्टवाल्या सेंटरला आलो तेव्हा आई पिशवीत बिस्किटं, शाल, थर्मास सगळं भरून तयारीनं आलेली, आज बाटली लागणार म्हणून. आणि इथल्या रेडिएशनच्या मॅडमनी रिपोर्ट बघून चक्क नाही म्हणलं. आज रक्त नाही लावायचं, आधी लोहाच्या टेस्ट करा.

खरं सांगते, पहिल्यांदा रागच आला. कारण व्हॉट्सॅपवर सगळे सांगत होते की लाईट चालू असताना एचबी दहाच्या वर पाहिजे, नाहीतर लाईटचा उपयोग होत नाही. आणि ते अगदीच उगाच नाहीये बरं का. मॅडमनी ओपीडीत एवढी गर्दी असताना कागदावर चित्र काढून सांगितलं की रेडिएशननं कॅन्सरची पेशी मारायला तिथे ऑक्सिजन लागतो, ऑक्सिजन कमी पोचला तर ती गाठ जास्त चिवट बनते, आणि ऑक्सिजन नेतं कोण तर हिमोग्लोबिन. त्यामुळे ज्यांचं एचबी कमी त्यांचे रिझल्ट सरासरीनं वाईट येतात हे खरंच आहे. पण म्हणून वरून रक्त ओतलं की रिझल्ट सुधारतात का, तर तसं दिसलेलं नाही. डेन्मार्कमध्ये डाहान्का म्हणून डोकं-मान कॅन्सरवाल्या डॉक्टरांचा ग्रुप आहे, त्यांनी कमी एचबीवाल्या पेशंटमध्ये चिठ्ठ्या टाकून काहींना रक्त दिलं आणि काहींना नाही दिलं, २०११ ला रिझल्ट छापून आला, आकडा वाढला पण गाठ आटोक्यात राहणं किंवा माणूस जास्त जगणं ह्यात फायदा दिसला नाही. आता तिकडचं "कमी" म्हणजे पुरुषांत साडेचौदाच्या खाली, आपल्याकडे तर तेवढं एचबी असलेला माणूस पेढे वाटेल, त्यामुळे ते जसंच्या तसं अण्णांना लागू नाही हेही मॅडमनीच सांगितलं. पण मुद्दा एवढा की बाटली हे कॅन्सरवरचं औषध नाहीये. दम लागतोय, छातीत धडधडतंय, उठवत नाहीये, आकडा सात-आठच्या खाली चाललाय, तर लावायची. नुसता रिपोर्ट सुंदर दिसावा म्हणून लावायची नाही, कारण प्रत्येक पिशवीबरोबर थोडी तरी रिस्क येतेच. काही डॉक्टर लाईटच्या पेशंटला दहाच्या आसपास ठेवायला बघतात, ती त्यांची पद्धत, त्यावर भांडायला जाऊ नका. पण कारण विचारल्यावर सांगता आलं पाहिजे.

माझ्या मते इथेच चारातले दोन स्टार वसूल झाले.

ह्यातच इंजेक्शनचा किस्सा. आमच्या गावातल्या एका ओळखीच्या मेडिकलवाल्यानं सुचवलेलं की "ते रक्त वाढवायचं इंजेक्शन असतंय बघा, किडनीवाल्यांना देतात ते, बाटलीची भानगडच नको." म्हणजे एरिथ्रोपोएटिन. दादा तर घेऊनच येणार होता. मॅडमना विचारलं तर त्यांचा चेहराच बदलला. त्याची डोकं-मान कॅन्सरमध्ये लाईटबरोबर टेस्ट झालेली आहे, २००३ मध्ये लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या मासिकात आलेली, साडेतीनशे पेशंट, एचबी मस्त वाढलं पण इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये गाठ उलट जास्त परत आली. डेन्मार्कवाल्यांनी पण तसल्याच औषधाची ट्रायल घेतली आणि ती अर्ध्यात थांबवावी लागली. २००७ ला अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध खात्यानं, त्यावर सगळ्यात कडक वॉर्निंग छापायला लावली. किडनीच्या पेशंटला ते वरदान आहे, पण जिथे कॅन्सर बरा करायच्या उद्देशानं ट्रीटमेंट चालू आहे तिथे नको. तर कुणी मेडिकलवाला, भाचा, मेव्हणा असं इंजेक्शन सुचवत असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरला विचारा, परस्पर टोचून घेऊ नका.

मग लोहाच्या टेस्ट. ह्यात फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारा आकडा, चांगलं आलं, आम्ही खूश, पण मॅडम म्हणल्या कॅन्सर आणि सूज असली की फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातून प्रत्यक्ष किती लोह वाहतंय, ते बघा, ते वीस टक्क्यांच्या खाली होतं. म्हणजे लोह कमीच. नळीतून लोहाचं औषध देऊन पोट बिघडवण्यापेक्षा शिरेतून एक हजार मिलिग्रॅमचं सलाईन दिलं, पंधरा-वीस मिनिटात संपलं पण. त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात हे आधीच सांगितलेलं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आकडा का वाढला नाही म्हणून घरात रामायण झालं नाही. आणि हो, बीट. नातेवाईक येताना बीट, खजूर आणि डाळिंब आणणारच. आहारतज्ज्ञ मॅडमनी शांतपणे सांगितलं की बीटानं रक्त होत नाही, लाल रंग होतो. तोंड आतून सोललेलं असताना डाळिंबाचा रस लावून बघा म्हणजे पेशंट तुमच्याकडे कसा बघतो ते कळेल. त्यापेक्षा नळीतून अंडं, दूध, सत्त्वाचं पीठ, डाळीचं पाणी नाही तर अख्खी डाळ वाटून-गाळून.

तरीपण चौथ्या आठवड्यात एचबी ७.६ आलं. सिस्प्लॅटिन हाडातल्या रक्ताच्या कारखान्यालाही मारतं आणि किडनीलाही, आणि रक्त बनवायचा हुकूम किडनीकडूनच येतो, त्यामुळे ते होतंच म्हणे. अण्णांना बाथरूमपर्यंत जाताना धाप लागत होती. तेव्हा मात्र मॅडमनी लगेच एक पिशवी लिहिली. एकच. एका पिशवीनं साधारण एक ग्रॅम वाढतं, लावून परत बघू, लागली तर दुसरी. आणि ती शनिवारी लावायची, कारण लाईटचा एकही दिवस बुडवायचा नाही. हे मला आधी माहीतच नव्हतं, डोकं-मान कॅन्सरमध्ये ट्रीटमेंट एकेक दिवस लांबली की गाठ आटोक्यात राहायची शक्यता दिवसाला एक-दीड टक्क्यानं कमी होत जाते. आधीच्या ठिकाणी शेजारच्या पेशंटची लाईट "आज रक्त चालू आहे, उद्या या" म्हणून सर्रास पुढे ढकलायचे. कमी एचबीमुळे लाईटचा परिणाम कमी होईल म्हणून रक्त लावायचं आणि त्यासाठी लाईटच बुडवायची, कमाल आहे.

आता ब्लड बँक. काउंटरला जी मुलं बसतात ती जरा तिरसट आहेत, पण काम चोख. फॉर्मवर डॉक्टरनी एचबी आणि रक्त कशासाठी हवंय हे लिहिलेलं नसेल तर परत पाठवतात, म्हणजे जिने चढा. सँपलच्या बाटलीवर नाव-नंबर पेशंटच्या कॉटजवळच लिहिलेलं लागतं, सिस्टर टेबलावर आधीच लिहून ठेवत नाहीत. जुनं सँपल चालत नाही, तीन दिवसाच्या वर गेलं की नवीन घेतात. दर बोर्डावर लावलेत, पॅक्ड सेलला, म्हणजे नुसत्या लाल पेशींच्या पिशवीला, १,५५० रुपये, राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेनं २०२२ मध्ये ठरवून दिलेला हाच आहे सरकारी सोडून बाकीच्यांना, सरकारीत ११००. हे रक्ताचे पैसे नाहीत, तपासणी-साठवणीचे आहेत, रक्त विकायला आपल्याकडे बंदीच आहे. एचआयव्ही, दोन्ही कावीळ (बी आणि सी), गुप्तरोग, मलेरिया ह्या पाच टेस्ट त्यातच येतात. नॅट टेस्ट (विषाणू लवकर पकडणारी जादा तपासणी) आणि पांढऱ्या पेशी गाळायचा फिल्टर ह्याचे वेगळे लागतात, ते आधी विचारा, बिल बघून धक्का बसायला नको.

डोनरसाठी अडवून धरलं नाही, हे ठळक लिहिते. विनंती केली, "जमलं तर कुणीतरी येऊन द्या, उन्हाळ्यात स्टॉक कमी असतो", एवढंच. आणि तो खरंच कमी असतो. कॉलेजं बंद, शिबिरं बंद, एप्रिल-मे मध्ये कुठल्याही ब्लड बँकेला विचारा. आपल्याकडे जयंत्या, गणपती आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस ह्या दिवसांत रक्ताचा पूर येतो आणि पॅक्ड सेल जास्तीत जास्त बेचाळीस दिवस टिकते, म्हणजे पुढाऱ्यांनी जरा वाढदिवस वाटून घेतले तर बरं होईल. ज्यांना अडवून धरतात त्यांनी विचारावं की डोनर नसेल तर रक्त मिळणार नाही असं लेखी द्या. बऱ्याच ठिकाणी तिथेच विषय संपतो. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं धंदेवाईक रक्तदाते बंद करायला लावले आणि १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झाले, आणि तेव्हापासून सगळी भिस्त आपणहून देणाऱ्यांवरच अपेक्षित आहे. रात्री नऊ वाजता घाबरलेला भाऊ पकडून आणणं म्हणजे आपणहून देणं नव्हे.

दादाला तरी द्यायचंच होतं. ग्रुप पण तोच, बी पॉझिटिव्ह. "माझंच अण्णांना लावा, बाहेरच्याचं कशाला, घरचं रक्त चांगलं." काउंटरवरचा टेक्निशियन, तोच तिरसट, पेन खाली ठेवून म्हणला, "दादा, तुमचं घेतो, पण वडलांना देणार नाही, दुसऱ्या कुणाला तरी जाईल." दादाचा पारा चढला. मग त्यानं समजावलं की मुलगा, भाऊ, बाप असं जवळचं रक्त असलं की त्यातल्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीराला परक्या वाटतच नाहीत, त्या आत मुक्काम करतात आणि मग त्याच पेशंटच्या कातडीवर, आतड्यांवर, हाडातल्या रक्तावर उठतात. फार क्वचित होतं, पण झालं तर माणूस वाचणं मुश्किल. जवळच्याचं द्यायचंच झालं तर पिशवी आधी रेडिएट करावी लागते आणि ते मशीन सगळीकडे नसतं. आपल्या घराघरात "घरचंच रक्त बरं" हे एवढं पक्कं बसलंय की हे भिंतीवर लिहून ठेवायला हवं. दादानं शेवटी दिलं, बिस्कीट-कॉफी घेतली आणि कार्ड खिशात घालून बाहेर आल्यावर म्हणतो, "च्यायला, माझं रक्त आता कुणाच्या अंगात फिरणार काय माहीत."

डे-केअरची खरी परीक्षा मात्र पिशवी वर आल्यावर होते. दोन सिस्टर. एक पिशवीवरचा नंबर, ग्रुप, एक्स्पायरी मोठ्यानं वाचते, दुसरी फॉर्म आणि अण्णांच्या मनगटावरच्या पट्ट्याशी ताडून बघते. पिशवी उजेडाला धरून गुठळ्या किंवा रंग बदललाय का बघितलं. नियमाप्रमाणे पेशंटला नाव विचारायचं असतं, पण ह्या वॉर्डातल्या निम्म्या लोकांना बोलता येत नाही, कुणाची जीभ अर्धी काढलेली, कुणाच्या गळ्यात भोक पाडून नळी. आधीच्या ठिकाणी सिस्टर स्वतःच नाव घ्यायची आणि मान हलली की झालं. तापानं ग्लानीत असलेला माणूस कुठल्याही नावाला मान हलवेल हो. इथे अण्णांच्या हातात पाटी दिली. आख्खं नाव त्यांनी स्वतः लिहिलं, वर कंडक्टरच्या सवयीनं खाली रेघ मारून तारीख टाकली. सिस्टर हसली आणि म्हणली, "आजोबा, तिकीट पण फाडा आता."

दुसरी गोष्ट, घंटी. पहिली पंधरा मिनिटं थेंब एकदम हळू आणि सिस्टर तिथेच, बीपी, ताप, नाडी लिहीत. पण नंतर ती चार पेशंट बघणार. बोलता येणाऱ्या माणसाला थंडी वाजली तर तो हाक मारेल, अण्णा कशी मारणार? म्हणून हाताला बांधलेली बेल. आणि तिचा उपयोग झाला. अर्ध्याच्या वर पिशवी गेली आणि अण्णांना हुडहुडी भरली, दात नाहीत म्हणून नाहीतर कडकड वाजले असते. बेल वाजली, सिस्टर आली, बाकी काही न विचारता पहिल्यांदा क्लिप बंद केली. सुई तशीच ठेवून नवीन सेटनं साधं सलाईन, ताप बघितला, १०१ च्या पुढे, पिशवीचा नंबर परत पट्ट्याशी ताडला, डॉक्टरना बोलावलं. उरलेली पिशवी आणि नवीन सँपल खाली ब्लड बँकेत, लघवीचा रंग बघितला. ग्रुपची गडबड नव्हती, पांढऱ्या पेशींमुळे येणारा साधा ताप निघाला, पॅरासिटामॉल नळीतून दिलं, तासाभरात उतरला. ती पिशवी मात्र परत लावली नाही, वाया गेली म्हणून आई हळहळली. पुढच्या वेळेपासून गाळलेलीच मागवतात, फाइलवर लाल पेननं लिहून ठेवलंय. आधीच्या ठिकाणी अशी थंडी वाजली की रक्त चालू ठेवूनच एविलचं, म्हणजे ॲलर्जीवरचं, इंजेक्शन मारून वर ब्लँकेट टाकायचे, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो.

अजून एक, पिशवी गार असते म्हणून गरम पाण्यात बुडवणं किंवा नातेवाइकानं काखेत धरून बसणं, हे मी दुसरीकडे डोळ्यांनी बघितलंय. इथे मावशीसुद्धा ओरडतात त्यावर. फ्रीजमधून काढलेली पिशवी अर्ध्या तासाच्या आत लावायची आणि चार तासांच्या आत संपवायची, बास. वयस्कर आणि हार्टवाल्यांना हळू लावतात, लघवी होण्याचं लॅसिक्स गरज बघून, सगळ्यांना सरसकट नाही. अण्णांना रक्त चालू असताना नळीतून फीड द्यायचं तर पाठ उंच करूनच. शिरा केमोनं जळून दोरीसारख्या झालेल्या, तिथे एक वयस्कर सिस्टर आहेत, त्या हात गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवून दोन मिनिटं नुसतं बोटांनी चाचपतात आणि गुलाबी कॅथ, म्हणजे सलाईनची सुई, एका झटक्यात घालतात. त्यांची ड्युटी कधी असते ते विचारून तोच दिवस घ्या, हा माझा खास सल्ला.

आता एक स्टार कशाला कापला. वेटिंग. सँपल सकाळी आठला दिलं तरी क्रॉसमॅच (पेशंटचं आणि पिशवीतलं रक्त जुळवून बघणं) होऊन पिशवी वर यायला दुपार होते, आणि कुठवर आलंय ते कुणी सांगत नाही, आपणच जिने वर-खाली करायचे. लिफ्ट पेशंटसाठी आहे म्हणतात आणि त्यात जेवणाच्या ट्रॉल्या फिरतात. नातेवाइकांना बसायला प्लास्टिकच्या मोजून थोड्या खुर्च्या, त्यातल्या एकीचा पाय मोडका आणि ती नेमकी रिकामी असते. एसी इतका गार की थंडी रक्तानं वाजतेय का एसीनं हेच कळू नये, हे मी सिस्टरना बोललेपण. बाथरूम कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला. आणि कँटीन बरोबर डे-केअरच्या खिडकीखाली. सकाळी अकराला मिसळीचा वास वर येतो आणि वर सगळे नळीवाले पेशंट झोपलेले. अण्णा पाटीवर लिहितात "कट जादा". हसावं का रडावं.

खालच्या आवारातलं पानाचं दुकान पण कुणीतरी हलवा. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि गेटबाहेर पुड्यांच्या माळा लटकतायत. लाईट चालू असताना बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांना तर मॅडम सरळ सांगतात की धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनवर जाऊन बसतो, ऑक्सिजनला जागा ठेवत नाही, म्हणजे रिपोर्टवर अकरा दिसत असलं तरी कामाचं त्याहून कमी. शेजारच्या कॉटवरचे काका रक्त लावून झालं की खाली जाऊन दोन झुरके मारून यायचे, त्यांची सून बिचारी बिल भरत होती.

योजनेतून ट्रीटमेंट असेल, महात्मा फुले जन आरोग्य वगैरे, तर डे-केअरचं रक्त आणि फिल्टर त्यात बसतं का हे आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या, नंतर पावत्या फिरवत बसू नका. निगेटिव्ह ग्रुप असेल तर दोन-तीन दिवस आधी फोन करा. ई-रक्तकोशच्या साइटवर स्टॉक दिसतो पण मी कधी त्यावर विसंबून निघाले नाही, फोन करूनच निघायचं. दुर्मिळ बॉम्बे ग्रुप, जो १९५२ मध्ये मुंबईतच डॉ. भेंडे ह्यांनी शोधला, त्याचा एक पेशंट इथे आलेला असं टेक्निशियन सांगत होता. साध्या टेस्टमध्ये तो ओ दिसतो पण त्याला ओ पण चालत नाही, त्याच्यासाठी यादीतल्या डोनरना फोन लावायला रात्र गेली म्हणे. तिरसट असला तरी माणूस कामाचा.

कुणाला ह्या आठवड्यात जायचं असेल तर लक्षात ठेवा, शनिवारी बिलिंग काउंटर दुपारी दोनला बंद होतं आणि पावतीशिवाय पिशवी खालून सुटत नाही. सकाळीच पैसे भरून पावती सिस्टरकडे देऊन ठेवा, सुट्टे घेऊन जा, पन्नास रुपयांसाठी तिथे रांग अडते. आणि शाल न्या.